सिस्टरची पिकअप

पिपरी मेघेत खोली बघायला गेले तेव्हा घरमालकिणीने आधी माझी नखं पाहिली. नाव, गाव, नोकरी, लग्न झालं का, हे सगळं नंतर. दारातच त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले आणि म्हणाल्या, "नखं बारीक हायेत. ये आत." आत गेल्यावर जीभ दाखवायला सांगितली. मी कराडकडची, नोकरीसाठी पहिल्यांदाच एवढ्या लांब आलेली. विदर्भात खोली अशीच देत असतील असं समजून मी निमूट जीभ काढली. ती पद्धत विदर्भाची नव्हती, त्या बाईंची होती, हे कळायला फार वेळ लागला नाही.

अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. एका मोठ्या दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात त्यांनी जन्म काढला होता. मग दवाखान्याने त्यांना निवृत्त केलं, पण त्यांनी स्वतः ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. स्वयंपाकघरात सुऱ्या, चमचे, चिमटा, सांडशी सगळं धुतलेल्या फडक्यावर उंचीप्रमाणे ओळीने मांडलेलं. भाजी चिरायला बसल्या की नजर भाजीवर ठेवून उजवा तळहात बाजूला पसरायच्या आणि म्हणायच्या, "सुरी." घरात दुसरं कोणी नसलं तरी म्हणायच्या, जरा वाट बघायच्या आणि मग स्वतःच उठायच्या. मी घरात असले तर ती सुरी मी द्यायची, तीही मुठीकडून, तळहातावर जरा आपटून. पहिल्यांदा मी ती अलगद ठेवली तर केवढ्यांदा ओरडल्या.

"अशी काऊन देऊन राह्यली, नैवेद्य दाखवल्यासारखी? हातावर पडली हे समजलं पायजे. डॉक्टर काय वळून पाह्यन तुह्याकडं?"

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारी. डॉक्टरचा आणि माझा काय संबंध, असं तेव्हा मनात आलं. पण पुढे एकदा मी एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या तळहातावर त्यांनी मागितलेला ग्रंथ असाच आपटला आणि ते दचकून खुर्चीत बसले, तेव्हा ही बाई माझ्यात किती शिरली आहे ते माझ्या लक्षात आलं.

गल्लीला मात्र त्यांची धास्ती होती ती पायांमुळे. कोणाला साखर असल्याचं कानावर आलं की त्या माणसाची सुटका नव्हती. किराणा दुकानासमोर असो, लग्नाच्या मांडवात असो, "पाय काढ चपलेतून" अशी आज्ञा व्हायची. पर्समध्ये कापूस कायम. समोरच्याने डोळे मिटायचे, सिस्टर कापूस तळपायाला कुठेतरी टेकवणार, आणि स्पर्श कळला की त्याने 'लागलं' म्हणायचं. नाही म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याची दवाखान्यात वरात. संध्याकाळी समोरच्या ओट्यावर बसणारे म्हातारे सिस्टर येताना दिसल्या की पाय धोतरात ओढून घ्यायचे. "लोकाइले डोळ्याची भीती राह्यते, छातीची राह्यते," त्या म्हणायच्या, "पायाची कोणालेच नाई. जोडा घातला का झालं." दुसऱ्याच्या तब्येतीची इतकी काळजी करणारा माणूस शेजारी असणं हा आशीर्वाद आहे की ताप, याचा निर्णय गल्लीने अजून केलेला नव्हता. मी तर त्यांच्याच अंगणात राहत होते, त्यामुळे मला निर्णयाचं स्वातंत्र्यच नव्हतं.

सिस्टरनी लग्न केलं नाही. सेवाग्रामच्या पुढे आतल्या एका खेड्याला लागून त्यांचं वावर होतं. वावर म्हणजे शेत, हा तिकडे शिकलेला माझा पहिला शब्द. त्यात पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तूर, बांधाच्या कडेने वांगी आणि पाटाजवळ थोडी हळद. त्या वावरात रोज सकाळी स्वतः जाता यावं म्हणून त्या निवृत्तीनंतर गाडी शिकल्या आणि एका भाजीवाल्याची जुनी पिकअप विकत घेतली. साधी स्कूटी का नाही घेतली, असं मी एकदा विचारलं.

"स्कुटीवर खताचे चुंगडे अन् निंदणाच्या बाया नेऊ काय?"

पिकअप चालवतानाचं त्यांचं रूप मला फार आवडायचं. खाली उशी, पदर कमरेला खोचलेला, पायात दवाखान्याच्या काळातले जाड पांढरे बूट आणि तोंडाने गाडीशी सतत बोलणं. "चाल. हो, हो. दम धर. झालं, झालं, आता नाई दुखणार." मागे उभ्या असलेल्या बाया खिदळायच्या. सिस्टरना त्याचं काही नसायचं. वावरात पोचल्या की एकट्याच बांधावरून फेरी मारायच्या, मधूनच एखाद्या झाडाचं पान उलटं करून बघायच्या. आयुष्यभर बंद खोलीत दिव्याखाली उभं राहिलेल्या बाईला ही उघड्यावरची सकाळ किती हवीशी असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. घरी त्या इतक्या प्रसन्न कधीच नसत.

नाचणगावला त्यांचा भाचा होता. माणूस खरंच चांगला. अधूनमधून मोटरसायकलवर यायचा, मावशीसाठी पिशवीभर संत्री आणायचा आणि निघताना न चुकता म्हणायचा, "मावशी, आता बस्स झालं. वावर मी पाह्यतो, गाडी विकून टाकू, तू चाल आमच्याकडं." आणि सिस्टर न चुकता तेच उत्तर द्यायच्या.

"ज्या दिवशी मले कोणाले तरी म्हणा लागन का बाबा, मले माह्या वावरात नेऊन दे, त्या दिवशी वावर तुह्यं. तोवर इचारू नोको."

हे त्यांनी त्याला माझ्यासमोर कितीदा तरी ऐकवलं होतं, आणि सिस्टर एकदा बोलल्या की त्यात बदल नाही, हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही. त्यामुळे पिकअप जरा कुरकुरली तरी त्या घरात चिंतेचं वातावरण पसरायचं. सिस्टर वरणात मीठ विसरायच्या.

एवढं असून गाडी गॅरेजला जायची नाही. सुरुवातीला एकदा गेली होती. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मिस्त्रीने तोंडात तंबाखूचा खर्रा धरून इंजिन उघडलं, नट-बोल्ट मातीत ठेवले, आणि सगळं परत जोडल्यावर एक नट हातात उरला तेव्हा "एखांदा उरतेच, सिस्टर" असं म्हणून तो नालीत फेकला. सिस्टर तिथल्या तिथे संतापल्या. "पेशंटच्या पोटात कैची राह्यली तं तू म्हणशीन का, एखांदी राह्यतेच?" तो नट त्यांनी त्याला नालीतून काढायला लावला म्हणतात. त्यानंतर गाडीचं जे काही करायचं ते घरच्या अंगणात, मोबाईलवर हिंदी व्हिडिओ लावून, स्वतःच्या हातांनी. गंमत अशी, की तो मिस्त्री त्यांच्यावर रागावला नाही. सिस्टरनी गाडी उघडली की तो आपलं गॅरेज सोडून बघायला यायचा. पूर्वी कधी तरी त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा थिएटरात सिस्टर होत्या. "त्याइनं मले आतून पाह्यलं हाये," असं तो आदराने सांगायचा.

ते क्लचचं ऑपरेशन झालं उन्हाळ्याच्या सुटीत. पुलाच्या चढावर गाडी नुसती ओरडायला लागली होती. इंजिनाचा आवाज वाढे, गाडी मात्र जागची हलायला तयार नसे, आणि जळक्या वासाने मागच्या बाया पदर नाकाला लावत. सिस्टरनी निदान केलं, वर्ध्याला जाऊन नवी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग आणलं, आणि मला सांगितलं, "उद्या तुले सुट्टी हाये. तू फ्लोअर नर्स."

फ्लोअर नर्स म्हणजे मागितलेली वस्तू आणून द्यायची, सगळ्याची मोजदाद ठेवायची आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

सकाळी अंगणात आले तर पिकअपला आंघोळ घातलेली. पुढची चाकं जाड लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, मागच्या चाकांना दगड लावलेले. गाडीभोवती रांगोळीची रेघ काढली होती आणि रेघेच्या आत बाहेरची चप्पल मना. जमिनीवर हिरव्या चादरी, त्यांच्यावर पाने, पक्कड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर ओळीने. सिस्टरच्या डोक्याला हिरवी टोपी. त्यांनी बॅटरीची वायर काढली आणि म्हणाल्या, "ही भूल झाली." मला हसू आलं, पण फ्लोअर नर्सने हसायचं की नाही हे ठरलेलं नव्हतं.

काम मात्र शिस्तीत चाललं. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट सुटला, इंजिन सुरू करणारा सेल्फ निघाला. प्रत्येक बोल्ट निघाला की तो माझ्या हातावर आपटायचा, मी तो चादरीवर त्याच्या जागी ठेवून मोठ्याने सांगायचं. गियरबॉक्स काढायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीला आत घेणं भाग होतं, कारण ते धूड आम्हा दोघींना पेलणारं नव्हतं. तो कधीपासून रेघेबाहेर उकिडवा बसून चुळबुळत होताच. सिस्टरनी त्याला चप्पल काढायला लावली, खर्रा थुंकायला लावला आणि नळावर कोपरापर्यंत हात धुवायला पाठवलं.

"अवो सिस्टर, मी गेरबाक्स काढाले आलो, जेवाले नाई."

"साबण पुन्हा लाव."

गियरबॉक्स खाली आला. सिस्टरनी हातमोजे घातले, प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीने सैल केले आणि जुनी क्लच प्लेट बाहेर काढून उन्हात धरली. भाकरीएवढी ती तबकडी. तिच्या दोन्ही बाजूंचा खरखरीत थर पार गुळगुळीत होऊन गेला होता, आतले रिव्हेट वर आले होते.

"हे तं आपण मांगच्या दिवाळीतच टाकलती ना?" मिस्त्री म्हणाला.

"माल डुप्लिकेट निघाला," सिस्टर म्हणाल्या.

मिस्त्रीने मान हलवली, पण ती हो म्हणणारी नव्हती. मी चहा ठेवायला आत गेले तसा तो पाणी प्यायच्या निमित्ताने मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात आला.

"मॅडम, माल बराबर होता. क्लचवर पाय राह्यते सिस्टरचा."

म्हणजे काय, ते त्याने समजावून सांगितलं. क्लच दाबायचा, गियर टाकायचा आणि पाय पूर्ण काढून घ्यायचा. तसाच थोडा टेकलेला राहिला तर प्लेट अर्धवट धरते, घसरत राहते आणि झिजते. पुष्कळ ड्रायव्हर आरामासाठी पाय टेकवतात, त्यात नवं काही नाही.

"मग सांगा ना त्यांना."

"सांगतलं होतं. एक डाव मी बाजूले बसून गेलतो वावरात. म्हटलं, सिस्टर, पाय काढा. त्या म्हणाल्या, काढलाच हाये." त्याने आवाज खाली आणला. "अन् पाय तिथंच होता, मॅडम. मले वाटलं मजाक करून राह्यल्या. पण सिस्टर काई मजाक करत नाई."

त्याचं म्हणणं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. हट्टी बाई आहे, चूक कबूल करत नाही, एवढाच अर्थ मी काढला आणि चहा घेऊन बाहेर आले.

नवी प्लेट अगदी मधोमध बसावी लागते, नाहीतर गियरबॉक्सचा दांडा तिच्यात शिरत नाही. त्यासाठी मिस्त्रीकडे खास लोखंडी दांडा होता. सिस्टरनी तो नाकारला आणि घरातलं लाटणं आणलं. त्याच्या टोकाला त्यांनी दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळत गुंडाळत नेमकी जाडी आणली होती. लाटणं प्लेटच्या भोकातून आत गेलं आणि प्लेट मधोमध उभी राहिली. आता वरून प्रेशर प्लेट लावून बोल्ट कसायचे. सिस्टरनी हात पसरला. मी एकेक बोल्ट तळहातावर आपटत गेले. आणि शेवटच्या वेळी चादरीवर हात फिरवला, तर तिथे काही नव्हतं.

"एक कमी आहे," मी म्हणाले.

सगळं थांबलं. सिस्टरनी पाना खाली ठेवला. चादरी झटकल्या, झाडू फिरवला, ठोकळ्यांच्या आजूबाजूला पाहिलं, मिस्त्रीचे खिसे उलटे केले. ऊन डोक्यावर आलं होतं. शेवटी मिस्त्री वैतागला.

"तसाच माह्याकडं हाये सिस्टर, दोन मिनटात आणतो."

"तसाच नाई पायजे. तोच पायजे. मोजणी जमल्याशिवाय मी पोट शिवत नाई."

मग मीच आडवी झाले आणि गाडीखाली शिरले. खालून दिसतं ते फक्त पायांचं जग. मिस्त्रीचे काळे, भेगाळलेले पाय फरशीच्या चटक्याने सारखे वर-खाली होत होते. सिस्टरचे पाय स्वच्छ, नखं बारीक कापलेली, आणि जागचे हलत नव्हते. डाव्या पायाच्या चवड्याखालून बोल्टचं डोकं बाहेर आलं होतं.

"सिस्टर, पाय उचला."

"कोन्ता?"

मेमधलं वर्ध्याचं ऊन. त्या उन्हात तापलेलं लोखंड पायाखाली घेऊन ही बाई केव्हापासून उभी होती, आणि मला विचारत होती, कोणता.

"डावा," मी म्हणाले.

त्यांनी पाय उचलला. तळव्यावर बोल्टचा लालभडक खोल ठसा उमटला होता. मिस्त्रीने तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. सिस्टरनी तळव्याकडे पाहिलं नाही. त्या बोल्टकडे पाहत होत्या, जरा जास्तच वेळ.

"सापडला," त्या म्हणाल्या. "पुसून दे."

आणि काम पुढे चालू झालं. बोल्ट कसले, गियरबॉक्स वर चढला, शाफ्ट लागला, सेल्फ लागला. पण सिस्टर हात पसरताना वस्तूचं नाव सोडून एक शब्द बोलल्या नाहीत, गाडीशीसुद्धा नाही. चार वाजायच्या सुमारास इंजिन सुरू केलं. मिस्त्रीने पहिला गियर टाकून गाडी अंगणात पुढे-मागे घेतली. लोण्यासारखी चालली. एरवी त्याने सिस्टरची स्तुती करायला गल्ली गोळा केली असती. त्या दिवशी चप्पल घातली, "येतो सिस्टर" म्हणाला आणि मान खाली घालून गेला.

हात धुऊन सिस्टर अंगणातल्या बाजेवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "माह्या पर्समधून कापूस आण."

मी आणला. त्यांनी दोन्ही पाय लांब केले, डोळे मिटले. तळव्यावर आता फोड धरत होता.

"उजव्यापासून सुरू कर."

उजव्या अंगठ्याला कापूस टेकवला. "लागलं." टाचेला टेकवला. "लागलं." चवड्याला, करंगळीला. प्रत्येक वेळी बरोबर. मग मी डाव्या अंगठ्याला कापूस लावला. सिस्टर गप्प. चवड्याला लावला. गप्प. टाचेला जरा दाबून लावला. त्यांचा चेहरा एखादा लांबचा आवाज ऐकावा तसा झाला होता, पण तोंडातून शब्द नाही. मला पुढे करवेना. कापूस हातात धरून मी तशीच बसले, पायापासून वीतभर वर.

"लागलं," सिस्टर म्हणाल्या.

मी कापूस लावलाच नव्हता.

एका क्षणात तो खाली टेकवता आला असता. त्यांना कळलंही नसतं. उद्या सकाळी त्या बूट घालून वावराला गेल्या असत्या आणि मला त्यांच्या तोंडावरचा आनंद बघता आला असता. मला इतकं वाईट वाटत होतं की तेच करावं असं फार वाटलं. पण हात हलला नाही. तेवढ्यात सिस्टरनी डोळे उघडले आणि माझ्या हाताकडे पाहिलं.

त्यांनी स्वतःच उठून फोडाला मलमपट्टी केली. कोणाची तरी दुसऱ्याचीच करावी तशी, नीट, घाई न करता.

"हिवाळ्यात वावरात मोजा निघून बुटात गोळा झालता," त्या म्हणाल्या, "घरी येऊन बूट काढला तवा समजलं. तवाच समजाले पायजे होतं. गोळ्या टाइमावर घेतो, शुगर बराबर हाये, म्हटलं आपल्याले काय होते? साऱ्या गावाचे पाय पाह्यले मी, पोट्टे."

"ब्रेकवर तर उजवा पाय असतो ना सिस्टर," मी म्हणाले. "उजवा चांगला आहे तुमचा." खरं म्हणजे काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"आज चांगला हाये. उद्या सांगन का तो मले? डावा तरी कुठं सांगून गेला? अन् मांगं बाया उभ्या राह्यतेत." त्यांनी पट्टीची गाठ तपासली. "फोन दे."

नाचणगावला फोन लागला. सिस्टरनी भाच्याला सांगितलं की या पावसाळ्यापासून वावर त्याने पाहावं, बी-बियाणं आणायच्या आधी येऊन भेटावं. तो घाबरून म्हणाला, "मावशी, काय झालं? मी येऊ काय आत्ता?" त्याचा तो आवाज ऐकून मला तो आणखी आवडला. इतकी वर्षं जे मागत होता ते मिळाल्याचा त्याला जराही आनंद झाला नव्हता.

"काई नाई झालं. गाडीची क्लच बदलली," सिस्टर म्हणाल्या.

"अन् गाडी? गाडीचं काय करतं मग?"

"वावराचा शब्द दिलता मी. गाडीचा नाई."

फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी पदराने डोळे पुसले. मीही रडले. एकमेकींकडे न बघता आम्ही दोघी तिथे बसलो आणि मग त्यांनी मला रांगोळीची रेघ धुवून काढायला सांगितली, कारण थिएटर आटोपल्यावर फरशी ओली पुसायची असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर थाप. सिस्टर तयार होऊन उभ्या, हातात किल्ली.

"लायसन हाये ना तुह्याकडं?"

लायसन होतं. कराडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काढलेलं आणि तेव्हापासून पर्समध्ये ठेवलेलं. मी म्हणाले की पिकअप मी जन्मात कधी चालवलेली नाही.

"मी तरी कुठं चालवली होती," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर आपटली.

त्या दिवसापासून माझी बदली होईपर्यंत मी त्यांना सुटीच्या दिवशी वावरात नेत राहिले. भाचा वावर मन लावून करत होता. सिस्टर बांधावर उभ्या राहून त्याच्या चुका काढायच्या आणि तो निमूट ऐकून घ्यायचा. तो कधी म्हणाला नाही की मावशी, वावर आता माझ्याकडे आहे.

पहिल्या दिवसाचं मात्र विसरता येत नाही. गाडी कशीबशी गल्लीबाहेर काढली. सिस्टर डावीकडच्या सीटवर उशी घेऊन ताठ बसल्या होत्या, पट्टी बांधलेल्या पायावर सैल चप्पल. पुलाचा चढ आला. "दुसरा टाक," त्या म्हणाल्या. मी क्लच दाबला, आणि बाजूला खाली नजर गेली तर त्यांचाही डावा पाय उचलला गेला होता आणि समोरच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला गेला होता. गियर पडला, मी क्लच सोडला, गाडी आवाज न करता चढ चढू लागली. सिस्टर खिडकीतून बाहेर पाहत होत्या. त्यांच्या मते त्यांनीही पाय काढून घेतला होता. तो मात्र पत्र्यावर तसाच दाबलेला होता, पार वावर येईपर्यंत. पुढेही दर वेळी तसंच व्हायचं. मी त्यांना कधी सांगितलं नाही. तिथे झिजण्यासारखं काही नव्हतं.